वस्तीवर वायफाय नाही? खिशातला फोनच होईल लॅपटॉपचा मोडेम

ऑनलाइन अर्जाची मुदत संपत आली आहे, लॅपटॉप समोर आहे. पण इंटरनेट नाही. अशा वेळी मोबाइलचा डेटा लॅपटॉपला कसा जोडायचा, तो कुठे गळतो आणि ऐन पैसे भरताना जोडणी का तुटते, ते सोप्या भाषेत.

कर्जत : अकरावीचा प्रवेश असो, सीईटीनंतरचे पर्याय भरणे असो, पोलिस भरती किंवा एमपीएससीचा अर्ज असो, की महाडीबीटीवर ठिबक संचाच्या अनुदानाची नोंदणी, ही सगळी दारे आता संकेतस्थळावर उघडतात आणि ठरलेल्या मिनिटाला बंद होतात. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर लांबलचक अर्ज भरताना एखादा रकाना सुटतो, स्वाक्षरीचा फोटो चढत नाही, पर्यायांचा क्रम वर-खाली होतो. लॅपटॉपवर हेच काम सोपे होते. प्रश्न उरतो तो लॅपटॉपला इंटरनेट आणायचे कुठून, हा.

कर्जत, राशीन, मिरजगाव अशा बाजारपेठेच्या गावांत केबलच्या इंटरनेटची सोय होऊ शकते. पण तालुक्यातील अनेक कुटुंबे गावठाण सोडून शेतातल्या वस्तीवर राहतात. तिथवर केबल ओढणे सोपे नाही. ओढली, तरी वीज गेली की राउटर बंद. शेतीपंपाच्या वाहिनीवर तर वीज चक्राकार पद्धतीने, कधी दिवसा तर कधी रात्री येते. फोन आणि लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालतात. म्हणूनच दादा पाटील महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यापासून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यापर्यंत अनेकांसाठी फोन हाच घरचा ‘नेट कॅफे’ ठरतो. तो नीट वापरला, तर अर्जाच्या शेवटच्या दिवशी सेवा केंद्राच्या रांगेत उभे राहावे लागत नाही.

मोडेम म्हणजे नेमके काय?

मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर या दोन शब्दांच्या सुरुवातीच्या अक्षरांतून ‘मोडेम’ हा शब्द तयार झाला. संगणकाची भाषा तारेतून किंवा हवेतून जाऊ शकेल अशा लहरींत बदलणे आणि आलेल्या लहरी पुन्हा संगणकाच्या भाषेत आणणे, हे त्याचे काम. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा हा मोडेम म्हणजे टेलिफोनच्या तारेला जोडलेला, कुर्रकुर्र आवाज करणारा डबा होता.

पुढे मोबाइल आले. जीपीआरएसच्या काळात नोकियाचा फोन केबलने संगणकाला जोडायचा आणि संगणकावरून *९९# डायल करायचे. रिलायन्सच्या सीडीएमए फोनवर हाच आकडा #७७७ होता. त्यानंतर यूएसबीत खोचायचे ‘नेटसेटर’ आले. २०१० मध्ये अँड्रॉइडच्या २.२ आवृत्तीत वायफाय हॉटस्पॉटची सोय थेट फोनमध्येच मिळाली आणि वेगळ्या उपकरणाची गरज संपली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर डेटा स्वस्त झाला आणि ही सोय घरोघरी पोहोचली.

आजचा फोन मोडेम आणि राउटर अशी दोन्ही कामे करतो. वस्तीवरच्या पाच घरांची टपाले गावातल्या एकाच किराणा दुकानात येतात आणि दुकानदार ती ज्याची त्याला देतो, तसेच हे आहे. बाहेरच्या जगाला फक्त तुमच्या सिमचा पत्ता दिसतो. कोणते पान लॅपटॉपने मागितले होते आणि कोणते भावाच्या फोनने, याचा हिशेब तुमचा फोन ठेवतो.

जोडणीचे तीन मार्ग

विहिरीवरची मोटार पाणी उपसते आणि पाइपने घरापर्यंत नेते. इथे टॉवर ही विहीर, फोन ही मोटार. फोनपासून लॅपटॉपपर्यंतचा पाइप तीन प्रकारचा असू शकतो. विहिरीतच पाणी कमी असेल तर पाइप कितीही मोठा असून उपयोग नाही, हे आधी लक्षात घ्यावे.

१) वायफाय हॉटस्पॉट : सर्वांत सोयीचा. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क आणि इंटरनेट, हॉटस्पॉट आणि टेदरिंग या क्रमाने जावे. सॅमसंगमध्ये हा पर्याय कनेक्शन्समध्ये सापडतो. कंपनीनुसार नावे थोडी बदलतात. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘हॉटस्पॉट’ लिहिले की पर्याय समोर येतो. तिथे नाव आणि पासवर्ड ठरवून हॉटस्पॉट सुरू करावा. मग लॅपटॉपच्या वायफाय यादीतून ते नाव निवडून पासवर्ड टाकावा. आयफोनमध्ये सेटिंग्जमधील पर्सनल हॉटस्पॉटमध्ये जाऊन इतरांना जोडण्याची परवानगी सुरू करावी आणि लॅपटॉप जोडला जाईपर्यंत तोच पडदा उघडा ठेवावा.

या मार्गाचा मोठा फायदा वस्तीवर कळतो. पत्र्याच्या छताखाली मोबाइलची रेंज कमी होते, कारण धातूचा पत्रा लहरी अडवतो. हॉटस्पॉट असेल तर फोन खिडकीत किंवा ओट्यावर, रेंज मिळेल तिथे ठेवता येतो आणि लॅपटॉप घेऊन घरात बसता येते. तोटा असा की फोनची बॅटरी झपाट्याने उतरते.

२) यूएसबी टेदरिंग : फोन डेटा केबलने लॅपटॉपला जोडावा आणि त्याच हॉटस्पॉटच्या पानावरील ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. पासवर्ड लागत नाही, जोडणी स्थिर राहते, शेजारच्या कुणाला तुमचे नेट दिसत नाही आणि फोन लॅपटॉपवरून चार्जही होत राहतो. मात्र वीज गेलेली असताना ही चार्जिंग लॅपटॉपच्या बॅटरीतून होते, म्हणजे लॅपटॉप लवकर बंद पडेल. वीज नसताना आणि फोन पूर्ण चार्ज असताना हॉटस्पॉट, तर फोनची बॅटरी संपत आली असताना यूएसबी, असा साधा हिशेब ठेवता येतो.

‘यूएसबी टेदरिंग’चा पर्याय फिकट दिसतो, दाबला जात नाही, अशी अनेकांची तक्रार असते. बहुतेक वेळा दोष केबलचा असतो. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या तारा नसतात. फोनसोबत आलेली मूळ केबल लावून पाहावी.

३) ब्लूटूथ टेदरिंग : वेग २ एमबीपीएसच्या आसपासच मिळतो, त्यामुळे व्हिडिओसाठी उपयोग नाही. पण बॅटरी सर्वांत कमी खर्च होते. ई-मेल पाहणे किंवा अर्जाची स्थिती तपासणे एवढ्यासाठी पुरेसे आहे.

डेटा गळतो कुठे?

फोनवर दिवसाला दीड-दोन जीबी पुरतात, मग लॅपटॉप जोडला की तासाभरात संपतात कसे? कारण फोनला ठाऊक असते की डेटा मोजूनमापून मिळतो. लॅपटॉपला मात्र वायफाय दिसले की वाटते, घरी अमर्याद इंटरनेट आले. मग तो साठून राहिलेली सगळी कामे एकदम काढतो : विंडोजचे अपडेट, अँटिव्हायरसची माहिती, वनड्राइव्हवर फोटो चढवणे, ब्राउझरमधील जुने टॅब ताजे करणे. महिन्यातून एकदा येणारे विंडोजचे अपडेट अनेकदा काहीशे एमबीचे असते, कधी त्याहून बरेच मोठे.

गणित पाहा. २० एमबीपीएस वेग मिळत असेल, तर सेकंदाला अडीच एमबी डेटा उतरतो. या वेगाने २ जीबीचा दिवसाचा कोटा अवघ्या तेरा-चौदा मिनिटांत संपू शकतो. म्हणजे चांगली रेंज हीच इथे डोकेदुखी ठरते.

कोटा संपल्यावर इंटरनेट पूर्ण बंद होत नाही, पण अनेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला फक्त ८ केबी. एक एमबीचे कागदपत्र चढवायला दोन मिनिटांहून अधिक, तर पाच एमबीच्या पीडीएफला दहा मिनिटे लागतील. तोवर अर्जाच्या संकेतस्थळाची वेळमर्यादा संपते आणि पुन्हा लॉगिन करावे लागते. रात्री साडेअकराला हे घडले, तर मुदत गेलीच म्हणून समजा.

कोणत्या कामाला साधारण किती डेटा लागतो?

• अर्ज भरणे, फोटो-स्वाक्षरी चढवणे, शुल्क भरणे : काही मोजके एमबी ते काही दशक एमबी
• सातबारा किंवा हॉलतिकिटाची पीडीएफ उतरवणे : बहुधा एक-दोन एमबीच्या आत
• मध्यम दर्जाचा व्हिडिओ : तासाला सुमारे अर्धा जीबी किंवा थोडा अधिक
• उच्च दर्जाचा व्हिडिओ : तासाला दीड ते तीन जीबी
• कॅमेरा सुरू ठेवून ऑनलाइन वर्ग किंवा मुलाखत : दर्जानुसार तासाला अर्धा ते दोन जीबी

म्हणजे अर्ज भरायला डेटा फारसा लागतच नाही. डेटा जातो तो मागच्या दाराने. ते दार बंद करणे हेच खरे काम.

एक सेटिंग, जे आधी करायला हवे

विंडोजमध्ये सेटिंग्ज उघडून नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये जावे. जोडलेल्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ असा पर्याय असतो; तो सुरू करावा. याचा अर्थ ‘इथला डेटा मोजका आहे’ असे लॅपटॉपला सांगणे. त्यानंतर बहुतेक अपडेट थांबतात, वनड्राइव्हही विश्रांती घेते. एकदा केलेले सेटिंग त्या हॉटस्पॉटसाठी कायम राहते.

इथे एक गोम आहे. यूएसबीने फोन जोडला की विंडोजला तो वायफाय म्हणून नव्हे, तर ‘इथरनेट’ म्हणून दिसतो. त्यामुळे वायफायला केलेले सेटिंग त्याला लागू होत नाही. इथरनेटमध्ये जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ पुन्हा वेगळे सुरू करावे लागते. अनेकांचा डेटा याच ठिकाणी गळतो.

त्याच भागातील डेटा युसेजमध्ये कोणत्या ॲपने किती डेटा खाल्ला तेही दिसते आणि मर्यादाही ठरवता येते. ॲपलच्या मॅकबुकमध्ये वायफायच्या तपशिलात ‘लो डेटा मोड’ असतो. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये हॉटस्पॉटला ठरावीक एमबीनंतर बंद होण्याची मर्यादाही घालता येते.

अपडेट कायमचे बंद ठेवणे मात्र धोक्याचे. सुरक्षेतील त्रुटी त्यातूनच बुजवल्या जातात. कॉलेजमध्ये, नातेवाइकांकडे किंवा पुण्या-नगरला गेल्यावर घरच्या विश्वासू वायफायवर महिन्यातून एकदा ती करून घ्यावीत. किंवा दिवसाचा उरलेला डेटा रात्री बारापूर्वी त्यासाठी वापरावा. नाहीतर तो वायाच जातो.

फोन आला आणि नेट गेले

शुल्क भरण्याचे बटण दाबले, चक्र फिरू लागले आणि त्याच वेळी मामाचा फोन आला. नेट तुटले. पैसे खात्यातून गेले, अर्ज मात्र ‘पेमेंट पेंडिंग’. असे का होते?

फोन व्होल्टीवर असेल, म्हणजे कॉलही फोर-जीवरूनच येत असेल, तर कॉल आणि डेटा सोबत चालतात. ते सेटिंग बंद असेल, तर कॉलसाठी फोन जुन्या नेटवर्कवर उतरतो आणि डेटा थांबतो किंवा मंदावतो. दुसरे कारण दोन सिमचे. एका सिमवर डेटा सुरू आहे आणि कॉल दुसऱ्या सिमवर आला, तर बहुतेक फोनमध्ये कॉल संपेपर्यंत डेटा बंद पडतो, कारण दोन्ही सिम एकाच रेडिओवर चालतात. काही फोनमध्ये सिमच्या सेटिंग्जमध्ये कॉलदरम्यान डेटा सुरू ठेवण्याचा पर्याय असतो. तो सुरू करून ठेवावा.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे शुल्क भरण्याआधी दुसरे सिम काही मिनिटांसाठी बंद करणे. मात्र बँकेचा ओटीपी कोणत्या सिमवर येतो, ते आधी पाहावे. ओटीपीचेच सिम बंद केले, तर काम तिथेच अडेल. अशा वेळी डेटाही त्याच सिमवरून घेतलेला बरा.

पेमेंट अडकले तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. आधी बँकेचा संदेश पाहावा, व्यवहार क्रमांक लिहून ठेवावा आणि अर्जात पुन्हा लॉगिन करून स्थिती तपासावी. शुल्काची पावती हाती येईपर्यंत अर्ज पूर्ण झाला असे मानू नये.

जोडले तरी नेट चालत नाही?

• फोनवर मोबाइल डेटा सुरू आहे का आणि फोनवर एखादे पान उघडते का, ते आधी पाहावे. फोनवरच नेट नसेल तर लॅपटॉपला दोष नाही.
• फोनमधील ‘डेटा सेव्हर’ बंद करावा. तो सुरू असताना अनेक अँड्रॉइड फोन हॉटस्पॉट चालू देत नाहीत.
• एअरप्लेन मोड दहा सेकंद सुरू करून बंद करावा. फोन टॉवरला नव्याने जोडला जातो.
• लॅपटॉपच्या यादीत हॉटस्पॉट दिसतच नाही? जुन्या लॅपटॉपला फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय कळते. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झ निवडावे. आयफोनमध्ये यासाठी ‘मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी’ सुरू करावे.
• नेट आहे, पण संकेतस्थळे ‘असुरक्षित’ म्हणून उघडत नाहीत? लॅपटॉपची तारीख-वेळ पाहा. बरेच दिवस बंद राहिलेल्या जुन्या लॅपटॉपचे घड्याळ मागे पडते आणि मग सुरक्षित पाने उघडत नाहीत.
• फोन तापला असेल तर वेग घटतो. कव्हर काढून, उन्हातून आणि उशीवरून बाजूला, सावलीत ठेवावा.

पासवर्ड दिला, जबाबदारीही आली

आपला हॉटस्पॉट हा बसस्थानकावरच्या अनोळखी, उघड्या वायफायपेक्षा बँकेच्या व्यवहारासाठी केव्हाही चांगला. पण तो दुसऱ्याला देताना विचार करावा. बाहेरच्या जगाला फक्त तुमच्या सिमचा पत्ता दिसतो, हे वर पाहिले. तुमच्या नेटवरून कुणी बनावट खाते उघडले, धमकीचा संदेश पाठवला किंवा फसवणूक केली, तर तपासाचा पहिला धागा सिमधारकापर्यंतच येतो.

हॉटस्पॉटच्या नावात स्वतःचे पूर्ण नाव किंवा मोबाइल क्रमांक ठेवू नये. ते नाव आसपासच्या सगळ्यांना दिसते. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा असतो; मोबाइल क्रमांक किंवा १२३४५६७८ असा सोपा नको. सुरक्षेचा प्रकार ‘ओपन’ न ठेवता डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावा. एखाद्याला एकदा नेट दिले असेल, तर काम झाल्यावर पासवर्ड बदलावा. किती उपकरणे जोडली आहेत ते हॉटस्पॉटच्या पानावर दिसते. आपला एकच लॅपटॉप असताना तिथे तीन दिसत असतील, तर तुमच्या डेटावर दुसऱ्यांचे चित्रपट चालले आहेत, असे समजा.

वाचकांना पडणारे प्रश्न

हॉटस्पॉटला वेगळे पैसे पडतात का?
सर्वसाधारणपणे नाही. फोनच्या पॅकमधलाच डेटा वापरला जातो. तरी आपल्या पॅकच्या अटी कंपनीच्या ॲपमध्ये एकदा वाचाव्यात.

माझ्याकडे अमर्याद फाइव्ह-जी आहे, मग काळजी कशाला?
तो लाभ फोन फाइव्ह-जीवर असेपर्यंतच असतो. वस्तीवर रेंज फोर-जीवर घसरली की रोजच्या कोट्यातून कपात सुरू होते आणि लॅपटॉपला तो फरक कळत नाही. पडद्यावरचा ‘५जी’ पाहत राहावा.

घरी जुना डेस्कटॉप आहे, त्याला वायफाय नाही. चालेल?
चालेल. यूएसबी टेदरिंग त्यासाठीच उत्तम. इतकेच नव्हे, तर घरात वायफाय असेल आणि अँड्रॉइड फोन त्याला जोडलेला असेल, तर केबलमधून तेच वायफाय डेस्कटॉपला देता येते. त्यात मोबाइल डेटा खर्च होत नाही.

आयफोन केबलने विंडोजला जोडला, काहीच झाले नाही. का?
विंडोजला त्यासाठी ॲपलचे सॉफ्टवेअर लागते. आयट्यून्स किंवा ॲपल डिव्हायसेस हे ॲप आधी टाकून घ्यावे, किंवा वायफायने जोडावे.

शेवटच्या दिवसासाठी चौकट

• मुदत मध्यरात्री संपत असेल, तर काम दिवसा उजेडी उरकावे. शेवटच्या तासात संकेतस्थळावरही गर्दी असते.
• फोन आणि लॅपटॉप वीज असतानाच पूर्ण चार्ज करावेत.
• हॉटस्पॉट आणि यूएसबी, दोन्ही जोडण्या आदल्या दिवशी तपासाव्यात आणि दोन्हींना ‘मीटर्ड’ करावे.
• फोटो, स्वाक्षरी, दाखले मागितलेल्या आकारात आधीच लॅपटॉपवर तयार ठेवावेत.
• घरातील दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला फोन हाताशी ठेवावा. एक टॉवर बंद पडला तर दुसरा कामी येतो.
• डेटा संपलाच, तर एक-दोन जीबीचे टॉप-अप पॅक टाकता येते. त्यासाठीचे पैसे खात्यात आहेत का, ते पाहावे.
• जिल्हा निवडताना अहिल्यानगर हे नाव दिसले नाही, तर जुन्या अहमदनगर नावाखाली शोधावे. रायगड जिल्ह्यातही कर्जत तालुका आहे. घाईत जिल्हा चुकला, तर परीक्षा केंद्र किंवा लाभाचा अर्ज भलत्याच ठिकाणी जाऊ शकतो.
• अर्जाची प्रत आणि शुल्काची पावती पीडीएफमध्ये जतन करून फोनवरही पाठवून ठेवावी. ती मिळाल्यावरच हॉटस्पॉट बंद करावा.